बाइंडरचा गुपित डाव

बाइंडरने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. एकदा डासावर उगारला, तर डास निघून गेला आणि भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. तरीही गल्लीतले लोक त्याला उस्ताद म्हणत, आणि त्यातले दोघे तर मनापासून म्हणत.

याला कारण एक पुस्तक. बाइंडिंगच्या दुकानात न नेलेल्या पुस्तकांचं एक कपाट असतंच. लोक पुस्तक टाकून जातात ते जातातच. तसाच कोणी जहाजावरचा माणूस एक जुनं, खिळखिळं पुस्तक देऊन गेला आणि समुद्राला मिळाला. पुस्तक होतं आग्नेय आशियातल्या बेटांवरच्या सिलाट नावाच्या युद्धकलेचं. भाषा तिकडचीच. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. पण चित्रं भरपूर होती. काळे कपडे घातलेला, कमरेला कापड गुंडाळलेला एक माणूस पानोपानी कोणाला तरी लोळवत होता.

त्याच दिवशी दुकानात नवीन कटिंग मशीन आलं होतं. नव्या मशीनच्या आनंदात बाइंडरने पुस्तकाच्या तिन्ही कडा अशा सढळ हाताने कापल्या की पानांचे आकडे कात्रणात गेले. मग तो गठ्ठा उचलताना हातातून सुटला आणि सगळे फर्मे, म्हणजे शिलाईआधीचे पानांचे जुडगे, जमिनीवर पसरले. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. बाइंडरने मांडी घातली, चित्रं बघितली आणि फर्मे लावले. एका चित्रात माणूस खाली पडलाय आणि दुसऱ्या चित्रात त्याचा पाय बांधतायत, म्हणजे हे त्याच्या पुढचं. यात न कळण्यासारखं काय आहे? दाभण घेतलं, शिलाई मारली, खळ लावली, वर कापडी पुठ्ठा चढवला. पुस्तक इतकं मजबूत झालं की त्यात काही चूक असेल असं कोणाच्या बापाला वाटलं नसतं.

आणि मग बाइंडर, ज्याच्या हाताखालून एवढी पुस्तकं गेली पण ज्याने एकही वाचलं नव्हतं, तो या पुस्तकाच्या नादाला लागला. दुकानाला लागूनच असलेल्या घराच्या पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला गेलं. बायकोच्या जुन्या काळ्या परकराचा कमरपट्टा झाला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी खोलीत धाडधाड आवाज येऊ लागला. आधी शेजारी काळजीने विचारायचे, मग सवयीने विचारेनासे झाले.

त्याचं सिलाट असं होतं : आधी वंदन, मग मागे सरकणं, मग कोपर, मग गुडघा, मग समोरच्याला जमिनीवर घेणं. इथपर्यंत कोणालाही समजेल. त्यानंतर गुडघ्यावर बसून कमरेचं कापड सोडायचं, पडलेल्याच्या घोट्याभोवती आडवंतिडवं गुंडाळून गच्च बांधायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं, चार पावलं चालायचं, अलगद खाली ठेवायचं, आणि लगेच लाथ मारायची.

अलगद का ठेवायचं, हे बाइंडरला कोडंच होतं. पण पूर्वेकडच्या विद्या खोल असतात, असं त्याने ऐकलं होतं.

पुढे बायकोच्या मोबाइलवर सिलाटचे व्हिडिओ सापडले. बाइंडरने ते बघितले, थांबवले, मागे नेले, परत बघितले. कोपर होतं, गुडघा होता, लाथही होती. पाय मात्र कोणी बांधत नव्हतं, आणि खांद्यावर तर कोणीच घेत नव्हतं.

"अहो, मग तुमचं चुकलं असेल," बायको म्हणाली.

"चुकेल कसं? फर्मे मी स्वतः लावलेत," बाइंडर म्हणाला. "हा गुपित डाव आहे. गुपित डाव कोणी मोबाइलवर टाकतं का?"

एवढं ठासून म्हणाला खरा. पण मशीनवर कागद कापता कापता त्याचा हात मध्येच थांबायचा. आपल्याकडे आहे ते खरंच सिलाट आहे, की आपण एवढी वर्षं बायकोचा परकर गुंडाळून नुसतेच धडपडतोय? विचारायचं कोणाला? आणि विचारलं, आणि तो 'नाही' म्हणाला, तर?

दोन शिष्यांना असली शंका शिवली नव्हती. एक पोस्टमनकाका, निवृत्त झाल्यापासून पाय स्वस्थ बसत नाहीत म्हणून आलेले. दुसरा कोपऱ्यावरचा चष्मेवाला. पुस्तकात गुपित डावाच्या पानांवर एका पेटीवर अधिकचं चिन्ह होतं. ते या घराण्याचं निशाण, असं बाइंडरने ठरवलं. बायकोने उरलेल्या हिरव्या दोऱ्याने तिघांच्या काळ्या सदऱ्यांवर छातीवर एकेक अधिक काढून दिलं.

"दाजी, बेरजेचा क्लास काढला काय?" मेहुण्याने विचारलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं, अंगाने तो स्वतःच छोटा टेम्पो होता, आणि शिकवण्याच्या बाबतीत जगात दुसऱ्या कोणाला काही कळतं हे त्याला मान्य नव्हतं.

"पुस्तक वाचून गाडी शिकलेला माणूस बघितलाय का कधी?"

"मी वाचत नाही. चित्रं बघतो."

"मग तर मेलोच!"

असं चाललं असताना एक दिवस चष्मेवाला धावतच आला. "उस्ताद, आपल्या हॉस्पिटलात एक नर्सताई आहेत ना, त्या बेटांवरच्या? त्यांची आई आलीय राहायला. चष्म्याला आल्या होत्या. तिकडे अर्ध्या गावाला सिलाट शिकवलंय म्हणे आजींनी! मी बोलावलंय रविवारी."

बाइंडरने हातातला कागद मशीनवर तसाच ठेवला. नेमका तेव्हा मेहुणा तिथे होता.

"झकास! आजी 'खरं' म्हणाल्या तर दाजी, मी तुम्हाला भर चौकात उस्ताद म्हणेन. 'खोटं' म्हणाल्या तर ही पुढची खोली माझ्या ऑफिसला. बोला."

"बोलायचं काय त्यात," बाइंडर म्हणाला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. तो कटिंग मशीनकडे बघत होता.

रविवारी सकाळी आजी आल्या. मूर्ती एवढीशी, चष्मा नवा. त्यांना खुर्ची दिली, शेजारी नर्सताई बसली. मेहुणा मोबाइल घेऊन स्टुलावर चढला, म्हणाला, पुरावा असलेला बरा.

बाइंडरने वंदन केलं. आजींनी मान डोलावली. कोपर झालं, मान डोलली. गुडघ्याच्या वेळी त्यांनी हाताने 'जरा खाली' असं दाखवलं. बाइंडरच्या अंगात हत्तीचं बळ आलं. त्याने पोस्टमनकाकांना अलगद लोळवलं, गुडघ्यावर बसला, परकर सोडला आणि काकांचा घोटा बांधू लागला.

आजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

बाइंडरने काकांना खांद्यावर घेतलं, चार पावलं चालला, खाली ठेवलं आणि कानाशेजारून लाथ मारली. मग वळून उभा राहिला.

आजींनी मुलीला काहीतरी विचारलं. नर्सताईने ओठ घट्ट मिटले, खोकली, आणि म्हणाली, "आई विचारतेय, त्याला बरं केलंत ना? मग परत का मारलंत?"

पुस्तक आलं. नर्सताईने पानं उलटली आणि मधे थांबली. "हे शेवटचं प्रकरण आहे हो. प्रथमोपचार. घोटा मुरगळला तर काय करायचं, जखमी माणसाला कसं न्यायचं. आणि हे चिन्ह औषधांच्या पेटीवरचं."

पोस्टमनकाकांनी छातीवरच्या हिरव्या अधिकावर हात ठेवला. बाइंडर फर्मे मोजावेत तसा पुस्तकाच्या कण्याकडे बघत राहिला.

"प्रथमोपचार!" स्टुलावरून मेहुणा ओरडला. "अरे देवा, प्रथमोपचार! दाजी एवढी वर्षं लोकांना बरं करून लाथा—"

वाक्य पुरं झालं नाही. हसणं आवरेना, स्टूल डगमगलं, मेहुणा एका बाजूला गेला आणि पाय दुसऱ्या. असा आवाज झाला की बायको किंचाळली.

बाइंडरला विचार करायला वेळ नव्हता, आणि म्हणूनच बरं झालं. त्याने काकांच्या पायाचा परकर सोडला, मेहुण्यापाशी गुडघ्यावर बसून त्याच्या घोट्याभोवती आडवातिडवा गुंडाळला, गाठ मारली. मग तो टेम्पो त्याने खांद्यावर घेतला. चार पावलं चालला आणि खिडकीखालच्या कॉटवर त्याला अलगद ठेवलं.

आणि सवयीने त्याचा पाय वर गेला.

"दाजी, ब्रेक!" मेहुणा ओरडला.

पाय हवेत थांबला. दोन्ही शिष्यांनी श्वास रोखला. बाइंडरने क्षणभर विचार केला, आणि तो विचार मेहुण्यालाही स्पष्ट दिसला. मग पाय खाली आला.

आजी उठल्या. पट्टीत बोट घालून बघितलं, जेमतेम गेलं. टाच हलवून बघितली. मग एकच शब्द बोलल्या.

"आई म्हणतेय, बरोबर."

"आणि बाकीचं?" बाइंडरने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून परत विचारलं. "बाकीचं खरं आहे का?"

आजी लांबलचक बोलल्या. नर्सताईने ते थोडक्यात सांगितलं. "खरं आहे, म्हणतेय. कच्चं आहे, पण सिलाटच आहे. उद्यापासून सकाळी येईन म्हणतेय. मात्र बरं केल्यावर मारायचं नाही."

बाइंडर भिंतीला टेकला आणि खाली बसला. बायकोने त्याला पाणी दिलं. "सदऱ्यांवरची चिन्हं उसवू का?" तिने हळूच विचारलं.

"राहू द्या वहिनी," घोटा चोळत पोस्टमनकाका म्हणाले. "आता कळलं कशासाठी आहेत."

खोली कोणाला, हा विषय नंतर निघालाच नाही. डॉक्टरांनी मेहुण्याला पाय हलवायचा नाही असं बजावलं होतं, त्यामुळे खोली तशी त्याच्याच ताब्यात होती. तो कॉटवर पडून असायचा, समोर आजी धडे द्यायच्या, आणि बाइंडर परकर कमरेला बांधून घाम गाळायचा. पहिले दोन दिवस मेहुणा भिंतीकडे तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी मात्र शिकवण्याचा मूळ स्वभाव उफाळून आला.

"गुडघा खाली, उस्ताद!" तो उशीवरून ओरडला. "आजी किती वेळा सांगतायत, गुडघा खाली!"

पैजेतला चौक तिथून फार लांब नव्हता. खिडकी उघडी होती.