काकांची जागा पडद्यावर

आमचे काका तसे खोटं बोलत नाहीत, फक्त मासे कुठे मिळाले ते सांगत नाहीत. विचारलं तर उत्तरेला हात दाखवतात, म्हणजे जागा दक्षिणेलाच असेल असंही नाही. बंदरावर सगळेच आपापली जागा लपवतात, पण काकांनी ती काकूपासूनही लपवली. काकू बाजारात मासे विकते आणि तिच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला माहितीपटवाल्या बाईंनी गाठलं. कॅमेरा पाहून काका विरघळलेच. ठेवणीतला शर्ट घालून बाईंना होडीतून घेऊन गेले, आणि जाळं ओढता ओढता वडिलांच्या आठवणीत असे रंगले की आपल्या मागे काय दिसतंय याचं भान राहिलं नाही.

ते भान आलं माहितीपट दाखवला तेव्हा, लिलावाच्या शेडमध्ये, अख्ख्या बंदरासमोर. पडद्यावर काका गहिवरून बोलत होते. एका खांद्यामागे कारखान्याची चिमणी नेमकी दीपगृहाच्या पुढ्यात, दुसऱ्या खांद्यामागे बेटाचं टोक नेमकं टेकडीखाली. समुद्रात पाट्या नसतात. किनाऱ्यावरच्या अशा दोन जोड्या जुळल्या की जागा सापडते. शेडमध्ये चिडीचूप. बाईंना वाटलं, लोक हेलावले. काका धावत पडद्यासमोर जाऊन उभे राहिले, तर चिमणी त्यांच्या पोटावर दिसायला लागली.

"बसा काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मलाही भरून आलंय."

सकाळी काका तोंड पाडून निघाले. आता तिथे होड्यांची जत्रा असणार, याची खात्रीच होती. पण जागेवर चिटपाखरू नव्हतं. जाळं भरून परतले, तर धक्क्यावर शेजारचा होडीवाला डोळे मिचकावत म्हणाला, "आम्हाला काय दुधखुळे समजलात? तुम्ही आणि कॅमेऱ्याला खरी जागा दाखवणार? आम्ही सगळे उलट्या दिशेला गेलो."

खरं तर काकांनी नाचायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत, आपलं खरंही कुणाला खरं वाटत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मला त्यांची कीव आली, आणि हसूही आवरेना. शेवटी त्यांनी दार लोटून, माझ्यादेखत, लग्नानंतर पहिल्यांदाच काकूला खरं काय ते सांगितलं.

"जागा तीच आहे गं. तुझी शपथ."

काकूने टोपलीतले मासे निवडता निवडता मान हलवली. "बरं. पण मी बाजारात बोलणार नाही हं. उगीच लोक भलतीकडे जाऊन बसायचे."