जाळीच्या कपाटातला कॉम्प्युटर

शिरूरच्या क्लासात कॉम्प्युटर शिकून आले, तेव्हा भीमेकाठच्या आमच्या गावात तो येणारी मी एकटीच होते. त्याच वर्षी दूध डेअरीत कॉम्प्युटर आला. डेअरीचे चेअरमन आबा, म्हणजे माझे थोरले चुलते. उंदरांच्या आणि पोरांच्या धास्तीनं त्यांनी सुताराकडून जाळीचं कपाट करून घेतलं, कॉम्प्युटर आत ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. गावभर कौतुक झालं. मीही हुरळले.

गाई-म्हशींना रविवार नसतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. सकाळ-संध्याकाळ दूध यायचं. मी लिटर आणि फॅट भरायचे, पावती काढायचे. दिवाळीतही तेच. मामेबहिणीच्या हळदीला राहू गावी गेले, तर पंगत बसायच्या आत आबांची जीप न्यायला हजर. कौतुकाचा मला वीट आला.

दूध घालायला आलेली पोरं जाळीला नाक लावून बघत बसायची. मी म्हटलं, यांना शिकवते. आबा म्हणाले, एखादं बटण चुकलं तर गावाचा हिशेब जाईल, आणि पोरांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाळीशी हजर.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग दौंडहून मावशीचा निरोप आला: तिथल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर येणारी मुलगी हवीय, सोमवारी सकाळी भेटायला ये. मी आबांना विचारलं.

"जा की," ते शांतपणे म्हणाले. "पन दूध कोन घ्यायचं?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते भावापुढे कधीच बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मी डेअरीतच होते आणि रागानं एकेक बटण ठोकत होते. शिकले नसते तर निदान माझ्यावाचून कुणाचं अडलं नसतं.

त्याच आठवड्यात मी तापानं फणफणले. संध्याकाळी डेअरीपुढे किटल्यांची रांग लागली. शेजारची दहावीतली पोर आमच्या आईकडून किल्ली घेऊन गेली आणि सगळ्यांच्या पावत्या काढून आली. जाळीतून बघून बघूनच शिकली होती.

सकाळी आबा खुशीत आले. म्हणाले, आता तू मोकळी, किल्ली त्या पोरीला देतो. तिची परीक्षा तोंडावर होती. मी सुटणार आणि माझ्या जागी ती बसणार.

"किल्ली कुनालाच नगं," मी म्हणाले. आबांपुढे माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "कपाटाचं दार काढा. यील त्या पोराला शिकवते."

"आन् बिघडलं तर?"

"मेकॅनिक यील. माझी दोन वर्सं गेली, ती कोन दुरुस्त करनार?"

कोपऱ्यात बसलेले वडील उठले, डेअरीत गेले आणि स्क्रू काढून ते दार खांद्यावर टाकून घरी घेऊन आले.

दौंडची जागा तोवर भरली होती. दहावीची परीक्षा झाल्यावर, उन्हाळाभर, मी पोरांना शिकवत बसले. दुसरी नोकरी शोधायला दौंडला निघायच्या आदल्या संध्याकाळी घरची किटली घेऊन रांगेत उभी राहिले. समोर ती शेजारची पोर बसली होती आणि तिच्यानंतर बसायला आणखी तिघं घुटमळत होती. माझी पाळी आली.

"नंबर?" वर न बघताच तिनं विचारलं.

मी वडिलांचा डेअरीतला नंबर सांगितला, पावती घेतली आणि बाहेर पडले. कुणीही मला थांबवलं नाही.