देवरेताईंची उलटी रेघ

देवरेताई चिडल्या की प्रमाण मराठी सोडून थेट देवळ्याच्या अहिराणीवर यायच्या. गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यांत जुन्या. कुणीही नवा फॉर्म केला, की नावाच्या रकान्यात त्या आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या वर येणारं एकेरी चिन्ह, असलेलं आडनाव टाकून बघायच्या. फॉर्म अडकला, की अख्ख्या हॉलला ऐकू जायचं, "हाई काय शे?"

कारण साधं असायचं. आम्ही जावास्क्रिप्टमध्ये मजकूर दोन एकेरी अवतरणचिन्हांत ठेवायचो. नावातच तसलं चिन्ह आलं, की मजकूर तिथंच संपला असं ब्राउझरला वाटतं आणि पुढचं सगळं कोलमडतं. त्या चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, दिली की काम भागतं. "कंटाळा तुम्हाला, आणि निस्तरायचं कुणी? ज्याचं नाव आहे त्यानं?" त्या विचारायच्या.

एकदा ताई रजेवर असताना आम्ही एका नर्सिंग कॉलेजचा प्रवेशअर्ज घाईत सुरू केला. नाशिकरोडच्या एका डिमेलो (इंग्रजीत D'Mello) आडनावाच्या मुलीचा अर्ज शेवटच्या पानावर अडकला. तिनं फोन केला, तर आमचे मॅनेजर म्हणाले, "ते वरचं चिन्ह काढून भरा." तिनं भरला. नाव गुणपत्रिकेशी जुळेना, म्हणून कॉलेजनं अर्ज बाद केला. आई आणि मुलगी आमच्या ऑफिसात आल्या, तर त्यांना कुणी बसासुद्धा म्हटलं नाही.

ताई त्याच दिवशी रजेवरून परतल्या होत्या. त्यांनी दोघींना आपली आणि शेजारची खुर्ची दिली, पाच मिनिटांत कोड दुरुस्त केला आणि कॉलेजला पत्र लिहिलं: चूक आमची आहे, मुलीची नाही.

मॅनेजर सही करेनात. "एका मुलीसाठी कंपनीचं नाव खराब करायचं?"

"आणि तिला स्वतःचं नाव चुकीचं लिहायला लावलंत, ते चालतं?" ताई कडाडल्या. त्यांनी स्वतःच सही केली आणि पत्र घेऊन कॉलेजात गेल्या. मुलीला प्रवेश मिळाला. ताईंना त्याच आठवड्यात राजीनामा द्यायला लावला. आम्ही नऊजण माना खाली घालून टाइप करत राहिलो. त्या गप्प बसण्याची आठवण आली की आजही माझा मलाच संताप येतो.

महिन्याभरानं ती मुलगी पेढे घेऊन आली. ताई कुठे आहेत, असं विचारू लागली. मॅनेजरनं हसत हात पुढे केला. "दे इकडे, आमच्या टीमचंच काम ते."

मी उठलो. "सर, ते ताईंचं काम होतं," म्हणालो, आणि कागदावर ताईंचा पत्ता लिहून मुलीच्या हातात दिला.