डॉक्टरमावशीचे बारमाही टायर

डॉक्टरमावशीने आयुष्यभर लोकांना झोपवलं. परळच्या इस्पितळात ती भूलतज्ज्ञ होती. पण तिच्या शेजारी गाडीत बसलेल्या माणसाची काय टाप होती डोळा मिटायची! सत्तरी उलटल्यावर या बाईने विजेवर चालणारी गाडी घेतली, आणि तीही साधीसुधी नाही, सिग्नल सुटला की पाठ सीटला चिकटवणारी. आवाज नाही, धूर नाही, आणि शिवाजी पार्कच्या वळणावर माझा जीव मात्र मुठीत. मी ओरडले की ती शांतपणे म्हणायची, ‘श्वास घे गं आधी. श्वास रोखून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.’

नात्याने ती माझी कुणी नव्हती. समोरच्या घरात राहायची, एवढंच. पण आई गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात डोकावून ‘आज काय केलंस?’ असं विचारणारी तीच एक उरली होती, म्हणून मी तिला अगंतुगं करायचे आणि तिच्यावर हक्काने चिडायचेही.

तिची एक सवय भारी होती. कुठल्याही गोष्टीची आधी ‘हिस्टरी’ घ्यायची. पेशंट सुटले तरी सवय सुटली नव्हती. बाजारात पापलेट बघताना ते कधी आलं, बर्फात किती वेळ होतं, कालचं की परवाचं, असं सगळं खोदून खोदून विचारायची. शेवटी एकदा कोळीणबाई वैतागली. ‘अगो डाक्टरीन बाय, मासा मेलाय कवाच, त्याला आता कसली भूल देतेस?’ मला हसू आवरेना. मावशी मात्र गंभीरपणे म्हणाली, ‘मेलाय ते दिसतंय. कधी मेला ते विचारतेय.’

ही गाडी तिने हौसेने घेतली हे खरं, पण ती धावायची मुख्यतः एका कामासाठी. तिची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो, खोपोलीजवळच्या वृद्धाश्रमात होती. ताईला आता फारसं काही आठवत नसे. पण शनिवार तिला कळायचा. शनिवारी सकाळपासून ती फाटकाकडे तोंड करून बसायची, आणि मावशी पोहोचली नाही तर जेवायची नाही. मावशीने तोवर एकही शनिवार चुकवला नव्हता. गेली दोन-तीन वर्षं ती मलाही बरोबर न्यायची आणि वाटेतल्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर जबरदस्तीने स्टिअरिंग माझ्या हातात द्यायची. माझं लायसन्स तोवर कपाटात पडून होतं. ‘लोणचं घातलंयस का त्याचं?’ असं म्हणायची.

मग एका पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की उजव्या डोळ्याची मधली नजर जात चाललीय, डावाही त्याच वाटेवर आहे. दिवाळीपर्यंत चालवा, तेही दिवसाउजेडी. पुढे नाही. हे तिने मला शिवाजी पार्कच्या मैदानाभोवती फिरताना सांगितलं, भाजी महागली म्हणावं तशा सुरात. मलाच कट्ट्यावर बसावं लागलं. मेलबर्नहून तिच्या मुलाचा फोन आला, गाडी विकून टाक आणि भाड्याची गाडी करून जात जा. तिने दोनदा तसं करून पाहिलं. एकदा ड्रायव्हर दुपार करून आला, एकदा आलाच नाही. त्या दिवशी ताई उपाशी झोपली. तेव्हा पहिल्यांदा मावशीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं मी.

अशातच गाडीचे टायर संपले. बॅटरीमुळे ही गाडी वजनाला भारी, त्यात मावशीचा पाय भारी, टायर टिकणार कसे? मला वाटलं, चला, आता तरी ही गाडी विकेल. तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात किल्ली वाजवत उभी. ‘चल, परळला. टायर घ्यायचेत.’

टायरवाले सामंत तिचे जुने पेशंट. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मूळचे टायर होते तसेच त्यांनी पुढे ठेवले. मऊ रबर, रस्ता पकडून ठेवणारं, आवाज येऊ नये म्हणून आतून फोम लावलेला. ‘मॅडम, तुमची चाल मला ठाऊक आहे. तुमका हेच लागतले. फक्त झिजतात लवकर.’ एक स्वस्तातला टायर मी दाखवला, तर त्यांनी मान हलवली. टायरच्या कडेवर छापलेला वजनाचा आकडा कमी होता, ही गाडी त्याला झेपली नसती. तिसरा होता ऑल-सीझन, खास विजेच्या जड गाड्यांसाठी केलेला.

‘बारमाही?’ मी म्हटलं, ‘अहो, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?’

‘बर्फ नाही, पण पाणी तुंबतं ना!’ सामंत म्हणाले. ‘याच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. टिकतोही जास्त. पण सुक्या रस्त्यावर वेगात वळलात तर त्या मऊ टायरची मजा नाही.’

मावशीने तिसऱ्यावर बोट ठेवलं. ‘हा.’

आता मात्र माझं डोकं फिरलं. वेगाने वळण घेण्यात जिचा जन्म गेला, तिने हा घ्यावा? आणि टिकाऊ कशासाठी? ‘मावशी, दिवाळीला तुझं चालवणं बंद होणार आहे. कुणाला फसवतेयस तू?’ दुकानात बोलायला नको होतं, पण बोलून गेले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सामंतही जरा घुटमळले. ‘मॅडम, गाडी नक्की कोण चालवणार, ते सांगा. त्यावर ठरतं.’

‘हिस्टरी सांगते,’ मावशी म्हणाली. ‘बाई चाळिशीची. वेग आवडत नाही. पावसात घाबरते आणि ब्रेक एकदम दाबते. वळणावर बैलगाडीसारखी वळते. पण आरशात बघितल्याशिवाय लेन बदलत नाही. आठवड्यातून एकदा खोपोली, जाऊन-येऊन. निदान पाच वर्षं.’

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मग एवढंच म्हणाले, ‘मला विचारलंस तरी का?’

‘आत्ता विचारतेय,’ ती म्हणाली. ‘नाही म्हणालीस तर मऊवाले घेते आणि दिवाळीपर्यंत मजा करते. पण हो म्हणणार असलीस, तर भूल पेशंटच्या वजनाने द्यायची असते, डॉक्टरच्या नाही.’

मी हो म्हणाले. रडत म्हणाले, सामंतांसमोर, लाज न बाळगता.

दिवाळीनंतर ती डावीकडच्या सीटवर बसू लागली. एका शब्दाने मला कधी टोकलं नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी झोपेतच गेली. मुलगा आला, दिवस केले आणि गाडीचे कागद माझ्या नावावर करून परत गेला. मला तिची आठवण रोज येते, आणि पावसात तर फारच.

शनिवारी मी एकटी जाते. बेताच्या वेगाने, आरशात बघत. ताईला मावशी गेल्याचं आम्ही सांगितलं होतं, तिच्या लक्षात ते राहिलं नाही. फाटकातून मला येताना बघितलं की तिचा चेहरा उजळतो. मावशीचं नाव कुमुद. ताई दोन्ही हात पुढे करते आणि म्हणते, ‘कुमे, आलीस गं?’

‘आले गं ताई,’ मी म्हणते, ‘चल, जेवून घेऊ.’