पित्त नव्हतं, फुप्फुसात पाणी होतं

"फुप्फुसांत पाणी झालंय," इमर्जन्सीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पडद्यावर माझा एक्स-रे, दोन्ही बाजूंना पांढरे डाग. हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा. म्हणजे काय, तर उंचावर हवा विरळ, शरीराला सवय करायला वेळ दिला नाही की फुप्फुसांत पाणी झिरपतं. माणूस कोरड्या डोंगरावर बुडतो.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये याला पित्त म्हणतात.

सगळे पुण्या-मुंबईचे, आता सिंगापुरात नोकरी करणारे आयटीवाले. सह्याद्री कोळून प्यायलेले. सिंगापूर समुद्राला चिकटलेलं, डोंगर नाहीच, त्यामुळे सराव कसला, तर राहत्या टॉवरचे जिने आणि पुलाउ उबीन बेटावर सायकली. शुक्रवारी ऑफिसातून थेट एअरपोर्ट, आणि वीकेंडला इंडोनेशियातल्या ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कात साडेतीन हजार मीटरच्या वर. मुक्काम वाढवायचा नाही, कारण सोमवारी मीटिंग. फुप्फुसांनी काय लीव्ह अप्लाय करायची?

ज्वालामुखीच्या कड्यावरच्या तंबूत डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. लीडर केदारदादांचं निदान तयार होतं: रिकाम्या पोटी चहा, पित्त. कुणी आवळा दिला, कुणी आल्याची वडी. मग बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला. श्वासाचं कुणी विचारलं नाही. दादांनी ठरवलं, हिला तंबूत झोपवू, शिखर करून येऊ, मग नेऊ.

माझी फ्लॅटमेट गौरी फारसं बोलत नाही. तिने दोघींच्या सॅक उचलल्या.

"पित्त तर पित्त, दादा. खाली जाऊन ओकेल ती."

एकीच्या नखऱ्यापायी ग्रुप फुटतो, असं दादा मागून ऐकवत राहिले. आम्ही उतरत राहिलो. उतरताना श्वास मोकळा झाला. विमानात पुन्हा कोंडला, कारण तिथलीही हवा विरळच. म्हणून सिंगापूरला उतरल्यावर थेट हॉस्पिटल.

डॉक्टरबाईंनी विचारलं, खाली कुणी आणलं? मी गौरीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "तंबूत झोपून राहिली असतीस, तर आपली भेट झाली नसती."

ऑक्सिजनवर पाणी ओसरलं. दादा शिखरावरचा फोटो दाखवायला वॉर्डात आले. पुढच्या ट्रिपला ये म्हणाले, आता सवय झाली असेल. अशी सवय लागत नाही, हे यांना कोण सांगणार?

तुम्ही जाणार असाल तर ऐका. वर हळू चढा, मुक्काम वाढवा. डोकं दुखलं तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली तर तडक खाली उतरा, सोबत कुणीतरी हवंच. लीडरला राग आला तर येऊ द्या.

गौरीचं शिखर माझ्यामुळे हुकलं. वाईट वाटतं का, मी विचारलं.

"तुझ्या आईला फोन मला करावा लागला असता," ती म्हणाली.