ओरडणाऱ्या मेलची बाजू घेणाऱ्या शोभाताई

आमच्या दूध संघाच्या संगणक विभागप्रमुख शोभाताई मगदूम यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातूनच. मी संघाचा नवा पशुवैद्य. लॉटरी लागली, परदेशवारी लागली, असल्या फालतू मेलनी माझा इनबॉक्स तुंबलेला. तणतणत त्यांच्या खोलीत गेलो. ताईंनी आधी चहा पाजला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जरा दमानं. चाळण बसवतेय."

आणि बसवली की! मेल सर्व्हरवर असा फिल्टर लावला की कचरा गायब! त्यांचा हट्ट मात्र एकच होता. अडवलेली मेल परस्पर पुसायची नाही. ती वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि रोज सकाळी आल्या आल्या त्या स्वतः नजरेखालून घालत. "बाजू ऐकल्याबिगर कुणाला हाकलायचं न्हाय," असं त्या म्हणत. आम्ही हसायचो.

मग गुरांमध्ये लम्पी रोगाची साथ आली. शाहूवाडीच्या डोंगरात फोन लागेना, पण एका गावच्या दूध संस्थेचं इंटरनेट तेवढं चालू होतं. तिथले सचिव सर्जेराव यांनी मेल केली, तीही आपल्या कोल्हापुरी पद्धतीनं: सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, 'अर्जंट'पुढं उद्गारचिन्हांची रांग, आणि संघातल्या झाडून सगळ्या साहेबांना एकदम! फिल्टरला ती अस्सल लॉटरीवालीच वाटली. त्यानं अडवली.

सकाळी ताईंनी ती पाहिली आणि जिना पळत चढून माझ्याकडं आल्या. "डॉक्टर, गाईंच्या अंगावर गाठी आल्यात! उठा!" तासाभरात आमची गाडी लस घेऊन निघाली. रोग त्या वस्तीबाहेर गेला नाही. काही दिवसांनी सर्जेरावांची आजारानं बसलेली गाय उभी राहिली तेव्हा मला रडूच आलं.

परतल्यावर मी सुचवलं, सगळ्या सचिवांना नीट लिहायची ताकीद देऊ या. ताई उसळल्याच. "संकटात कोण हळू बोलतंय व्हय? माणसं वरडणारच की! शिकायचं ते मशीननं." मग त्यांनी गावोगावच्या सचिवांच्या जुन्या मेल फिल्टरला दाखवल्या, एकेक करून सांगितलं, हा आपला, हाही आपला. संस्थांचे पत्ते ओळखीचे करून दिले. तेव्हापासून आमची आरडाओरड करणारी माणसं बिनधास्त आत येतात.

ताई आज साठीच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं लिहायला बसलो आणि तेवढ्यात सर्जेरावांची मेल आली. मोठी अक्षरं, सगळ्या साहेबांना एकदम: "अर्जंट!!!!! ताई, शंभर वर्सं जगा!!!!!"

कुठंही न अडता, थेट आत!