सूर ऐकून चालायचं जंगल

आम्हा बहीण-भावाच्या आवडत्या व्हिडिओ गेमचे किती भाग आले आणि गेले, पण त्यातलं जंगल काही जात नाही. दर नव्या भागात राज्य बदलतं, राक्षस बदलतो, नायकाची तलवारही बदलते. जंगल मात्र असतंच. धुकं, जुनाट झाडं, आणि प्रत्येक मोकळ्या जागेतून फुटणाऱ्या सारख्याच दिसणाऱ्या वाटा. चुकीच्या वाटेनं गेलात की पुन्हा जंगलाच्या तोंडाशी. बरोबर वाट ओळखायची खूण एकच, तिकडून बासरीचा सूर जरा मोठा येतो. लहानपणी दादा खेळायचा आणि मी त्याच्या मागे पलंगावर बसून "डावीकडं, डावीकडं" म्हणून ओरडायचे. त्याला माझी गरज कधीच नव्हती. त्याचा कान तिखट होता.

त्याच कानावर पुढे त्याचं पोट चाललं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात तो आधी माग चालवायचा, मग जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सगळे माग एकदम खडखडत असताना नेमका कुठला कुरकुरतोय, हे त्याला दारातूनच कळायचं.

आमचे वडीलही मागावरच होते. कारखान्यात त्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे तोंड मोठं करून, हातवारे करून बोलतात, आणि तीच सवय घरी येते. आमच्याकडे चहा हवा का हेसुद्धा हातानं विचारतात. वर सगळ्यांचा आवाज टिपेचा. पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. मला या गोंगाटाचा मनापासून राग येतो, आणि तो राग मी ओरडूनच सांगते.

यंदा गेमचा नवा भाग आला. सुट्टीच्या दुपारी दादानं तो खेळायला घेतला. मी नेहमीच्या जागी, मागे पलंगावर. जंगल आलं. सूर डावीकडून येत होता, अगदी स्पष्ट. दादा उजवीकडे गेला आणि धुक्यानं त्याला उचलून जंगलाच्या तोंडाशी आणून टाकलं.

"मुद्दाम करतोस व्हय?" मी म्हणाले.

तो पुन्हा निघाला, सरळ गेला, पुन्हा तोंडाशी. मी रिमोट घेऊन आवाज वाढवला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, कान फाटत्याल की!" दादा परत उजवीकडेच वळला.

"बहिरा झालास का रे?" मी खेकसले.

हे आमच्या घरात ऊठसूट कोणीतरी कोणाला तरी म्हणतंच. त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं असतं, "तू मुकी हो, मग मी बरा हुतो." ते आलं नाही. तो मान पुढे काढून पडद्याकडे बघत होता. मी "दादा" म्हणाले. मग मोठ्यानं "दादा" म्हणाले. तो वळला नाही.

जुन्या भागातलं जंगल तर त्यानं परवा-परवाच न चुकता पार केलं होतं. पण त्या वाटा त्याला लहानपणापासून पाठ होत्या. घरही पाठ होतं. आई ताटाजवळ उभी राहिली म्हणजे भाकरी विचारणार, वडील चप्पल घालताना दिसले म्हणजे गाडीची किल्ली मागणार. बाकीचं तो आमच्या ओठांवरून, हातांवरून वाचत होता, आणि आम्हाला वाटत होतं की हा आमच्यासारखाच बोलतोय. दुसऱ्या कुठल्याही घरात त्याला ऐकू येत नाही हे केव्हाच लक्षात आलं असतं. जॉबरचा कान गेला म्हणजे त्याचं काम गेलं. मला भयंकर भीती वाटली.

मी उठले आणि टीव्हीशेजारी, त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. कारखान्यात करतात तसा हात केला, तिकडं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग निमूटपणे डावीकडे गेला. पुढच्या वळणावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एक खूण चुकली असती तर तो पुन्हा तोंडाशी गेला असता, आणि ते मला बघवलं नसतं. एक शब्दही न बोलता आम्ही ते जंगल पार केलं.

धुकं विरलं. जंगलाच्या मधोमध पोचलं की बासरीची ती धून पूर्ण वाजते. लहानपणी आम्ही तिच्यासाठीच खेळायचो.

"वाजतंय?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. मग ओठ मोठे करून म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊ." मला वाटलं चिडेल, कारखान्यात कळलं तर काय म्हणून माझ्यावरच डाफरेल.

"गेलतो की," तो म्हणाला. "एकटाच. मशीन लावून कान तपासलं. मग डॉक्टर लई वेळ बोलत हुता. पण त्यानं तोंडाला मास्क लावलेला. काय बोलला त्ये कळलंच न्हाय. मी आपलं व्हय व्हय म्हणून उठून आलो."

मला रडू फुटलं. दादानं हात करून मला थांबवलं, चालता माग थांबवतात तसा.

"उद्या माझ्यासंगं चल," तो म्हणाला. "आत्ता हितं उभी हायस ना, तशीच तितं डॉक्टरच्या शेजारी उभी ऱ्हा."